ब्लॅकजॅक शिका घरीच, चिंचोक्यांवर
गोव्याला निघालेल्या कावेरी डेल्टातल्या घरांसाठी पहिला धडा

साम्बा भाताची कापणी आटोपते, पोंगल होतो आणि डेल्टातल्या घरांत प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. तंजावूर, कुंभकोणम, मन्नारगुडी, तिरुवारूर या पट्ट्यातल्या मराठी कुटुंबांच्या यादीत गोवा बहुधा असतोच. वेलंकण्णीहून सुटणारी वास्कोची साप्ताहिक गाडी तंजावूरवरूनच जाते. मंगेशी, शांतादुर्गा, जुनं गोवं पाहून झालं की संध्याकाळी पणजीच्या काठावर उभं राहताना मांडवीत दिव्यांनी झगमगणारी कॅसिनोची जहाजं दिसतात. मग घरातलं कुणीतरी तरुण विचारतंच, "एकदा आत जाऊन पाहायचं का?"

जाऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. तिरुवळ्ळुवरांनी तिरुक्कुरळमधला अख्खा एक अध्याय, चौऱ्याण्णवावा, जुगाराच्या दुष्परिणामांवर खर्ची घातला तो उगाच नाही. पण ज्यांनी जायचं ठरवलंच आहे, त्यांनी नियम न शिकता टेबलावर बसू नये, अशी माझी कळकळ आहे. घरी जमिनीवर बसून शिकलात तर एक पैसा लागत नाही. टेबलावर शिकायला बसलात तर प्रत्येक चुकीची किंमत मोजावी लागते. कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळांमध्ये ब्लॅकजॅक असा आहे की त्यात खेळणाऱ्याच्या निर्णयाने खरोखर फरक पडतो. म्हणूनच तो शिकून खेळण्यासारखा आहे, आणि न शिकता खेळलात तर महाग पडणारा आहे.

आधी कायदा

तामिळनाडूत कॅसिनो नाही. पैसे लावून ऑनलाइन जुगार खेळण्यावर राज्याने २०२२ चा स्वतंत्र कायदा करून बंदी घातली आहे. त्यापुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनेही पैशांच्या ऑनलाइन खेळांना देशभर मनाई करणारा कायदा मंजूर केला. म्हणून "सरावासाठी" मोबाइलवर पैसे लावून ब्लॅकजॅक खेळा असं सांगणारी जाहिरात दिसली, तर ती उघडूसुद्धा नका. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं होतं. त्या निकालाचा आधार घेऊन ब्लॅकजॅकही चालतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना परवानगी मिळाली. १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांतल्या टेबलांनाही वाट मोकळी झाली. त्यामुळे माणूस डीलर असलेलं, पत्ते हाताने वाटले जाणारं ब्लॅकजॅक प्रामुख्याने मांडवीतल्या जहाजांवर मिळतं. डेल्टिन रॉयल, कॅसिनो प्राइड, बिग डॅडी ही त्यांतली माहितीतली नावं. काठावरच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने जहाजावर नेतात.

वयाची २१ वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि सरकारी ओळखपत्र जवळ हवं. गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळायला बंदी आहे. तेव्हा मडगावच्या किंवा फोंड्याच्या नातलगांना बरोबर घेऊन जाण्याचा बेत आखू नका. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. म्हणजे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनाही जावं लागतं ते गोव्यासारख्या ठिकाणीच.

डाव कसा चालतो

ब्लॅकजॅकमध्ये तुमची झुंज शेजाऱ्याशी नसते, फक्त डीलरशी असते. टेबलावर पाच-सहा जण असले तरी प्रत्येकाचा हिशेब डीलरबरोबर वेगळा होतो.

पत्त्यांची किंमत सोपी आहे. २ पासून १० पर्यंतच्या पत्त्यांवर जेवढे ठिपके तेवढी किंमत. गुलाम, राणी, राजा प्रत्येकी १०. एक्का १ किंवा ११, जो आकडा तुमच्या सोयीचा असेल तो. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांना इथे काही महत्त्व नाही.

बेरीज २१ च्या पुढे जाऊ न देता डीलरपेक्षा जास्त ठेवायची, एवढंच उद्दिष्ट. २१ ओलांडली की तुमचा डाव तिथेच बुडाला. त्यानंतर डीलरही बुडाला तरी तुमचे पैसे परत येत नाहीत. कॅसिनोचा खरा फायदा याच एका नियमात आहे, कारण खेळणाऱ्याला आधी खेळावं लागतं आणि आधी बुडावं लागतं.

आता क्रम पाहा. आधी तुम्ही समोरच्या गोलात चिप्स ठेवता. डीलर तुम्हाला दोन पत्ते उघडे देतो. स्वतःचा एक पत्ता तो उघडा ठेवतो आणि दुसरा झाकून ठेवतो किंवा नंतर घेतो. तुमचे निर्णय संपले की डीलर आपले पत्ते पुरे करतो. त्याला मात्र स्वतःच्या मनाने काही ठरवता येत नाही. १६ किंवा कमी असेल तर त्याला पत्ता घ्यावाच लागतो आणि १७ किंवा जास्त झाले की थांबावं लागतं. बेरजा सारख्या झाल्या तर तुमची रक्कम तुम्हाला परत मिळते.

पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता आला, तर त्याला ब्लॅकजॅक म्हणतात. तो साधारण २१ डावांत एकदा येतो आणि त्यावर नेहमीपेक्षा जास्त पैसे मिळतात. तीन-चार पत्त्यांनी झालेली २१ ही बेरीज चांगली असली तरी ब्लॅकजॅकपेक्षा खालची.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, कारण नवखे इथेच गोंधळतात. एक्का आणि ६ असेल तर बेरीज १७ ही होते आणि ७ ही. पुढचा पत्ता मोठा आला तर एक्का १ धरता येतो, म्हणून अशा हातात एक पत्ता घेतल्याने लगेच बुडायची भीती नसते. याला सॉफ्ट १७ म्हणतात. १० आणि ७ अशी १७ झाली तर ती हार्ड, तिथे माघार नाही. सॉफ्ट आणि हार्ड यांना एकाच मापाने खेळू नका.

तुमच्या हातातले पाच निर्णय

पहिला, आणखी पत्ता घेणे, म्हणजे हिट. दुसरा, थांबणे, म्हणजे स्टँड.

तिसरा, डबल. लावलेली रक्कम दुप्पट करायची आणि त्याबदल्यात फक्त एकच पत्ता घ्यायचा. बेरीज ११ असताना एकच पत्ता हवा असतो आणि दर १३ पत्त्यांत ४ पत्ते दहाच्या किमतीचे असतात. म्हणून तिथे डबल करणं फायद्याचं ठरतं.

चौथा, स्प्लिट. दोन सारखे पत्ते आले तर आणखी तेवढीच रक्कम लावून त्यांचे दोन वेगळे डाव करता येतात. पाचवा, सरेंडर. डाव फारच वाईट असेल तर अर्धी रक्कम सोडून बाहेर पडायचं. ही सोय सगळ्या टेबलांवर नसते, त्यामुळे बसण्याआधी विचारून घ्या.

याशिवाय डीलरचा उघडा पत्ता एक्का असेल तर तुम्हाला "इन्शुरन्स घेणार का?" असं विचारतात. याला नेहमी नाही म्हणा. कारण साध्या हिशेबात आहे. झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा निघाला तर विम्यावर दुप्पट मिळतं. पण १३ पत्त्यांपैकी असे पत्ते सरासरी ४ च असतात. ५०० रुपयांचा विमा १३ वेळा घेतलात, तर ४ वेळा १,००० मिळून ४,००० येतील आणि ९ वेळा ५०० जाऊन ४,५०० जातील. संरक्षणाच्या नावाखाली दर १३ वेळांना ५०० रुपये गेले. तुमच्याकडे ब्लॅकजॅक असताना डीलर "इव्हन मनी", म्हणजे लावलेल्या रकमेइतकेच पैसे लगेच, देऊ करतो, तोही हाच विमा आहे. तोही नको.

कुठल्या बेरजेवर काय करायचं

ही उत्तरं कुणाच्या अंदाजावर उभी नाहीत. १९५६ मध्ये अमेरिकेच्या लष्करातल्या चार तरुणांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर प्रत्येक शक्यता मोजून त्यांचा पहिला तक्ता प्रसिद्ध केला. पुढे संगणकांनी तो अधिक नेमका केला. त्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात. सहा किंवा आठ कॅटच्या टेबलासाठी नवख्याला पुरतील एवढे नियम पुढे देतो.

हार्ड बेरीज असेल तर:
- ८ किंवा कमी: पत्ता घ्या.
- ९: डीलरचा उघडा पत्ता ३ ते ६ असेल तर डबल, नाहीतर पत्ता घ्या.
- १०: डीलरकडे २ ते ९ असेल तर डबल, नाहीतर पत्ता घ्या.
- ११: डीलरकडे २ ते १० असेल तर डबल, एक्का असेल तर पत्ता घ्या.
- १२: डीलरकडे ४, ५, ६ असेल तर थांबा, नाहीतर पत्ता घ्या.
- १३ ते १६: डीलरकडे २ ते ६ असेल तर थांबा, ७ किंवा मोठा असेल तर पत्ता घ्या.
- १७ आणि पुढे: थांबा.

सॉफ्ट बेरीज असेल तर:
- सॉफ्ट १७ पर्यंत कधीही थांबू नका, पत्ता घ्या. डीलरकडे ५ किंवा ६ असेल तर डबल करा.
- सॉफ्ट १८: डीलरकडे २, ७, ८ असेल तर थांबा, ३ ते ६ असेल तर डबल, ९, १० किंवा एक्का असेल तर पत्ता घ्या.
- सॉफ्ट १९ आणि पुढे: थांबा.

जोडी आली तर:
- एक्के आणि अठ्ठे: स्प्लिट करा.
- दहाच्या किमतीचे पत्ते, पंजे आणि चौके: कधीच नाही.
- दुर्‍या, तिर्‍या, सत्ते: डीलरकडे २ ते ७ असेल तर.
- छक्के: डीलरकडे २ ते ६ असेल तर.
- नव्वे: डीलरकडे २ ते ६, ८ किंवा ९ असेल तर, नाहीतर १८ वर थांबा.

सरेंडरची सोय असेल तर १६ असताना डीलरकडे ९, १० किंवा एक्का दिसला, किंवा १५ असताना १० दिसला, की ती वापरा. अठ्ठ्यांची जोडी मात्र याला अपवाद.

यादी लांब वाटेल, पण तिच्यामागचं तर्कशास्त्र एकदा कळलं की पाठ करायला फारसं उरत नाही. सगळं डीलरच्या उघड्या पत्त्यावर अवलंबून आहे. ५ किंवा ६ दिसत असेल तेव्हा डीलर शंभरात बेचाळीसच्या आसपास वेळा बुडतो. ७ दिसत असेल तर हाच आकडा सव्वीसपर्यंत घसरतो. म्हणून त्याच्यासमोर छोटा पत्ता असेल तेव्हा तुम्ही धोका घ्यायचा नाही, त्याला बुडू द्यायचं. मोठा पत्ता असेल तेव्हा तो बहुधा १७ च्या पुढे जाऊन थांबतो. त्या वेळी १४-१५ वर तुम्ही थांबलात तर हार जवळजवळ ठरलेली.

सगळ्यात मन घट्ट करावं लागतं ते १६ वर, डीलरकडे १० असताना. पत्ता घेतला तर १३ पैकी ८ प्रकारचे पत्ते तुम्हाला बुडवतात, आणि तरीही घ्यावा लागतो, कारण न घेता हरण्याचं प्रमाण घेऊन हरण्यापेक्षा थोडं जास्त आहे. हा निर्णय बरोबर असूनही बहुतेक वेळा तुम्ही हरणार. नीट खेळणं आणि जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवख्याने आधीच मनाशी पक्कं करावं.

टेबल वाचायला शिका

सगळी टेबलं सारखी नसतात. बसण्याआधी मागे उभं राहून टेबलावरच्या कापडावर काय छापलंय ते वाचा. किमान रक्कम दाखवणारा फलक पाहा आणि चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, ब्लॅकजॅकला किती देता? ३ ला २ की ६ ला ५? ५०० रुपये लावले असतील तर पहिल्या टेबलावर ७५० मिळतात, दुसऱ्यावर ६००. ब्लॅकजॅक २१ डावांत एकदा येतो. त्यामुळे एवढ्या फरकाने तुमच्या प्रत्येक १०० रुपयांमागे सुमारे १ रुपया ४० पैसे जास्तीचे जातात. ६ ला ५ दिसलं की उठा.

दुसरा, डीलर १७ वर थांबतो हे खरं, पण सॉफ्ट १७ वरही थांबतो की पत्ता घेतो? थांबत असेल तर तुमच्या फायद्याचं. तिसरा, डीलर झाकलेला पत्ता सुरुवातीलाच घेतो की शेवटी? शेवटी घेत असेल आणि त्याला ब्लॅकजॅक आल्यावर तुमची वाढवलेली रक्कमही जात असेल, तर १० किंवा एक्का समोर असताना डबल करू नका आणि अठ्ठे फोडू नका. चौथा, डबल आणि स्प्लिट कोणत्या बेरजांवर करू देता?

नियम चांगले आणि खेळ बिनचूक असेल, तर कॅसिनोचा वाटा १०० रुपयांमागे साधारण ५० पैसे राहतो. मनाला येईल तसं खेळणाऱ्याच्या बाबतीत तो दोन रुपयांपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातो. टेबलावर "परफेक्ट पेअर्स" किंवा "२१ प्लस ३" अशी छोटी वर्तुळं दिसतील. तिथे मोठ्या बक्षिसाचं आमिष असतं आणि कॅसिनोचा वाटा मुख्य खेळापेक्षा कितीतरी जास्त. ती रिकामीच ठेवा.

पत्ते मोजून जिंकण्याची पद्धत एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ च्या पुस्तकात मांडली हे खरं. पण तिला शेकडो तासांचा सराव लागतो, पत्ते सतत पिसणारं यंत्र असेल तर ती चालत नाही आणि कॅसिनो अशा माणसाला उठवू शकतो. सुट्टीवर आलेल्या माणसाने तिच्या नादी लागू नये.

पैशाला आधी बांध घाला

मेट्टूर धरणाचं पाणी कालव्याला येण्याआधी शेतकरी बांध नीट करतो, पाणी आल्यावर नाही. पैशाचंही तसंच करा. घरून निघण्यापूर्वीच रक्कम ठरवा. ती गेली तरी बियाणं, खत, मुलांची फी, सोसायटीचा हप्ता यांपैकी कशालाही धक्का लागू नये. कापणीचा पैसा नुकताच हातात आलेला असतो तेव्हा ही रेघ जास्त काटेकोरपणे आखावी लागते, कारण तो पैसा पुढच्या कुरुवै हंगामाचा असतो.

आता कराकडे या. नवखे याचा विचार सगळ्यात कमी करतात, पण फटका याचाच मोठा असतो. चिप्ससाठी तुम्ही जी रक्कम भरता, त्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर दुसऱ्यांदा कर नाही. पण उरलेल्या चिप्स परत केल्या तरी आधी भरलेला कर परत मिळत नाही. कर वेगळा आकारला तर १०,००० रुपयांच्या चिप्ससाठी १४,००० मोजावे लागतील. कुणी कर किमतीत धरतं, कुणी सवलत देतं. म्हणून काउंटरवर सरळ विचारा, "मी रोख दहा हजार दिले तर माझ्या हातात किती रुपयांच्या चिप्स येतील?"

या आकड्याशी खेळातल्या तोट्याची तुलना करून पाहा. ५०० रुपये प्रतिडाव, तासाला ६० डाव धरले तर तासाभरात ३०,००० रुपये फिरतात. बिनचूक खेळलात तर सरासरी तोटा १५० रुपये. चुका करत खेळलात तर ६०० किंवा जास्त. आणि कर हजारोंचा, तोही पहिला पत्ता पडण्याआधी. म्हणजे ब्लॅकजॅकमधून कमाई करायला निघालेल्या माणसाची बाजू दारातच लंगडी झालेली असते. ज्याला हा खर्च सिनेमाच्या तिकिटासारखा, परत न येणारा म्हणून परवडतो, त्यानेच पुढे जावं.

शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आणि उपकर आहे. एका दिवशीची हार दुसऱ्या दिवशीच्या जितीतून वजा करता येत नाही. प्रवेशासाठी वेगळं शुल्क असतं, त्यात जेवण आणि कधी एकदाच लावता येणाऱ्या चिप्स धरलेल्या असतात. त्या चिप्स रोखीत बदलून मिळत नाहीत.

ठरवलेल्या रकमेचे किमान २० ते ३० भाग पाडा आणि एका डावावर एकच भाग लावा. टेबलाची किमान रक्कम तुमच्या एका भागापेक्षा मोठी असेल तर ते टेबल तुमचं नाही. "हरलो की दुप्पट लावायचं, कधीतरी जिंकूच" हा सल्ला कानावर येईल. ५०० पासून सुरू केलं तर ओळीने सहा डाव हरल्यावर ३१,५०० रुपये गेलेले असतात आणि सातव्यासाठी ३२,००० लागतात. त्याआधीच बहुधा टेबलाची कमाल मर्यादा आड येते. ओळीने सहा हरणं हे एका रात्रीत सहज घडतं.

घरचा सराव

आपल्या घरांतून पल्लांगुळीची फळी अजून माळ्यावर असते आणि तिच्याबरोबर चिंचोके किंवा कवड्यांची पिशवीही. तेच तुमच्या चिप्स. प्रत्येकाला ५० चिंचोके द्या. दोन किंवा तीन कॅट एकत्र पिसा. घरातल्या एकाने डीलर व्हावं आणि त्याने १७ चा नियम काटेकोर पाळावा. वरची यादी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मधे ठेवा.

पहिल्या संध्याकाळी फक्त हिट आणि स्टँड खेळा. बोटांवर न मोजता बेरीज करता येईपर्यंत पुढे जाऊ नका. एक्का असलेले हात मुद्दाम वेगळे काढून त्यांचा सराव करा. दुसऱ्या बैठकीत डबल घ्या, तिसरीत स्प्लिट. यादी न पाहता शंभर डावांत दोन-तीनपेक्षा जास्त चुका होत नाहीत, इथपर्यंत आलात की तुमची तयारी झाली.

या सरावात चिंचोक्यांचा हिशेब लिहून ठेवा. दर डावाला एक चिंचोका लावून शंभर डाव खेळलात, तर दहा-बारा चिंचोक्यांचा चढ किंवा उतार अगदी सामान्य आहे. याउलट कॅसिनोचा वाटा शंभर डावांत जेमतेम अर्धा चिंचोका. म्हणजे एका बैठकीत कौशल्य दिसतच नाही, नशीबच दिसतं. पहिल्या रात्री जिंकलेल्या माणसाला आपल्याला खेळ जमतो असं वाटतं ते यामुळेच, आणि दुसऱ्या रात्री तो दुप्पट पैसे घेऊन जातो. हे वहीतल्या आकड्यांत स्वतः पाहिलेला माणूस त्या भ्रमात सहसा पडत नाही. पैसे मात्र या सरावात आणू नका. चिंचोके चिंचोकेच राहू देत.

टेबलावरची रीत

टेबलावर बोलण्यापेक्षा हाताच्या खुणांना महत्त्व असतं, कारण वरचे कॅमेरे खुणाच पाहतात. पत्ता हवा असेल तर बोटाने टेबलावर हलकेच टिचकी. थांबायचं असेल तर तळहात पत्त्यांवरून आडवा फिरवा. डबलसाठी तेवढ्याच चिप्स आधीच्या चिप्सच्या शेजारी ठेवा, त्यांच्यावर नाही. स्प्लिटसाठीही तसंच, आणि दोन बोटं दाखवा.

उघड्या पत्त्यांना हात लावायचा नाही. पत्ते पडू लागले की लावलेल्या चिप्सनाही नाही. डीलरच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. मोबाइल खिशात ठेवा. कपड्यांबाबत प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, म्हणून वेष्टी किंवा चपला चालतात का ते आधी फोनवर विचारून घ्या.

गर्दी नसलेल्या वेळी, कमी रकमेच्या टेबलावर बसा. समजलं नाही तर डीलरला विचारा, नियम सांगणं हे त्याच्या कामातच बसतं. हिशेब चुकला असं वाटलं तर पत्ते उचलले जाण्याआधी तिथेच सांगा. शेजारचा माणूस "तुम्ही पत्ता घेतलात म्हणून मी हरलो" असं म्हणाला तर मनाला लावून घेऊ नका. तुमच्या निर्णयाने त्याचं जेवढं बिघडतं, तेवढंच दुसऱ्या वेळी सुधारतंही. फुकट मिळणारं मद्य खेळताना घेऊ नका. बेरीज करणारं डोकं शाबूत राहायला हवं.

उठायचं कधी

उठण्याचे नियम बसण्याआधीच ठरवून बरोबरच्या माणसाला सांगून ठेवा. ठरवलेली रक्कम संपली की उठायचं. ठरवलेली वेळ, समजा दीड तास, संपली की जिंकत असलात तरी उठायचं. यादीतला नियम माहीत असून मोडावासा वाटला, तर तेवढ्यावरूनही उठायचं, कारण त्या क्षणापासून तुम्ही हिशेबाने खेळत नसता. एटीएमचं कार्ड हॉटेलवर ठेवून जा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. मुलाने विचारलं तर त्याला गप्प करू नका. त्याच्यासमोर बसा, पत्ते पिसा आणि चिंचोक्यांवर शंभर डाव खेळा. करासकट त्याच्या प्रवासाचा हिशेब मांडा. रागावण्यापेक्षा हे आकडेच त्याच्याशी जास्त स्पष्ट बोलतील. ते पाहून काहींचा जाण्याचा विचार मावळेल. जे जातील ते डोळे उघडे ठेवून जातील.

आणि गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा जावंसं वाटू लागलं, घरापासून रक्कम लपवावीशी वाटली, उधार घेऊन खेळलं गेलं, तर तो आता खेळ राहिलेला नाही. यात लाज बाळगण्यासारखं काही नाही आणि उशीर करण्यासारखंही नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि तामिळ, मराठी अशा भारतीय भाषांत मिळते. ब्लॅकजॅकची यादी ज्या कागदावर लिहाल, त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हा क्रमांकही लिहून ठेवा.